निवळलेल्या पाण्याचा संशय

आत्या गेल्याचं सांगितलं तेव्हा हिराबाईने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आत. "खरंच गेली, का मुंबयला गेलीय?" किहीमच्या कोळीवाड्यात कालवं विकणाऱ्या या बाईला खोटं सांगून मला काय मिळणार होतं? पण तिची आणि आत्याची ओळखच संशयातून झालेली...

आत्या मुंबईच्या एका कॉलेजात जंतुशास्त्र शिकवायची. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी ती नोकरी सोडून किहीमला राहायला आली, ती समुद्राचा रंग बदलतो म्हणून. थंडी सरताना कधीकधी किनाऱ्याचं पाणी चहासारखं तांबूस होई, वर फेस धरे. ते बारीक शेवाळ. आत्याला कुतूहल होतं ते पुढचं. शेवाळ मरायला लागलं की ते खायला जंतू येतात, आधी एका जातीचे, ते ओसरले की दुसऱ्या. ते इतके वाढतात की पाण्यातला प्राणवायू संपत जातो आणि मासे गुदमरतात. ती समुद्राचं पाणी बाटल्यांत भरून आणायची. मासे उकळलेल्या पाण्यात चायना ग्रास शिजवून ते काचेच्या थाळ्यांत ओतायची, ते थिजलं की त्यावर समुद्राच्या पाण्याचा थेंब पसरायची. दोन दिवसांनी थाळीवर ठिपके उमटत, एरवी पांढरे, शेवाळानंतर केशरी. मी सुट्टीत तिच्याकडे यायचे. शाळा इंग्रजी, स्वभाव लाजाळू, त्यामुळे बोलण्यापेक्षा बघत बसणं मला बरं वाटे. चायना ग्रासच्या गोड वड्या मात्र आमच्या घरात कुणी कधी खाल्ल्या नाहीत.

ते दारूबंदीचे दिवस. रेवसच्या धक्क्यावर एका शिपायाने तिच्या सगळ्या बाटल्यांची बुचं काढून वास घेतला. आत्या भडकली. "आता मी समुद्रातले जंतू मोजू की तुमच्या नाकातले?"

कोळीवाड्याचा संशय इतका सहज हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "बाय पानी भरून नेते, आन चार दिसांनी म्हावरं मरून किनाऱ्याला लागतं," हिराबाईने तिला सगळ्यांदेखत विचारलं. "दरसाल असंच. काय टाकतेस गो बाटलीतून?" तिने पाहिलेलं खोटं नव्हतं. रंग दिसताच आत्या पाण्यावर जायची, मासे मरायचे ते नंतर. तिला कुणी होडी देईना. शेवटी हिराबाईनेच अट घातली, की बाटली ती स्वतः भरणार आणि आत्याने लांब बसायचं.

आत्याचा तरी तिच्यावर कुठे भरवसा होता! "बूच पाण्याखाली काढायचं, तोंडाला बोट लावायचं नाही. मी बघतेय."

"बघ ना. मी पन तुला बघतंय."

वर्षानुवर्षं दोघी अशाच एकमेकींवर डोळा ठेवून एका होडीतून गेल्या.

पाणी निवळलं की सगळे खूश होत. आत्या तेव्हाच सर्वांत साशंक असे. थाळीवर केशरी ठिपके उमटतच असत. "कालवांत विष आहे की नाही हे यावरून कळत नाही," ती साफ सांगायची. "समुद्राची घडी अजून बसली नाही, एवढंच कळतं. तोवर मी तरी खाणार नाही." एकत्र जाऊ लागल्या त्या पहिल्या वर्षी हिराबाई हसली आणि कालवं विकून आली. ती खाऊन तिच्याच जावेच्या घरात सगळ्यांना उलट्या झाल्या. त्यानंतर तिने आत्यावर विश्वास टाकला असं नाही. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावरचा तेवढा सोडला.

गेल्या महिन्यात भेटायला आलेले पुष्कळजण म्हणाले, "आमचीच होती बाय." होडी नाकारणारेही त्यांत होते. मी मान डोलावली, विश्वास ठेवला नाही.

यंदाही पाणी तांबूस झालं आणि निवळलं. परवा सकाळी आत्याच्या ओटीवर एक बाटली होती, काठोकाठ भरलेली, बूच घट्ट. शेजारी रिकामी टोपली घेऊन हिराबाई.

"इकू का कालवं?"

"आत्या नाही आता."

"ठाव हाय. तू बसायचीस ना बघत?"

मी चायना ग्रास शिजवलं. थाळीत ओतताना ती चुलीपाशी उभी राहून माझ्या हातांकडे बघत होती. आज ती परत आली तेव्हा ठिपके उमटले होते. पांढऱ्यांपेक्षा केशरी जास्त.

"नको विकू," मी म्हटलं. कालवं विकली नाहीत तर तिची चूल कशावर पेटते, हे मला ठाऊक होतं.

तिने थाळी उजेडात धरली, बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं. आत्याच्या फळीवरून रिकामी बाटली उचलून तिने टोपलीत टाकली.

"परवा परत भरू. तू चल होडीत. पन लांब बसायचं, सांगून ठेवतंय."