पिवळा दिवा आणि पाचवं ‘का’

गॅरेजमध्ये काळं ऑइल आणि किस्से, दोन्ही साठत जातात. ऑइल निदान भंगारवाला घेऊन जातो, किस्से मात्र आपल्यालाच सांभाळावे लागतात. तळवड्यात आमचं गॅरेज आहे. वायरिंग माझं, इंजिन नानांचं. नाना मूळचे चऱ्होलीचे, तिथल्या शेतांत सोसायट्या उगवायच्या आधीपासूनचे. आज फक्त एकाच गाडीचे किस्से सांगतो, संदीपच्या.

* * *

संदीप चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. एका शनिवारी आला, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा घेऊन. मी स्कॅनर लावला. स्क्रीनवर आलं: ‘वॉल्व्ह कंट्रोल सर्किट’. इंजिनचे वॉल्व्ह कधी उघडायचे, हे ठरवायला एक छोटा विजेवरचा वॉल्व्ह असतो आणि त्याला दोन वायरी जातात. बिघाड त्या वॉल्व्हमध्ये असेल, वायरीत असेल नाहीतर जोडात, म्हणजे कनेक्टरमध्ये. स्कॅनर फक्त गल्ली सांगतो, घर आपण शोधायचं.

संदीप म्हणाला, “वॉल्व्हच बदलून टाका.”

नाना म्हणाले, “सर्दी झाली म्हनून कुनी नाक बदलतं का?”

तरी त्याच्या हट्टापायी बदलला. दिवा गेला. पुढच्या आठवड्यात गाडी परत दारात.

* * *

यावेळी संदीप स्टूल ओढून बसला. “आमच्या कंपनीत पाच वेळा ‘का’ विचारल्याशिवाय खरं कारण सापडत नाही,” म्हणाला. “सांगा नाना, दिवा का लागला?”

“सर्किटला करंट न्हाई म्हनून.”

“करंट का नाही?”

“कनेक्शन सुटतंय म्हनून.”

“का सुटतंय?”

“ते घावलं की फोन करतो.”

“पण का घावत नाही?”

“तू हितं बसून इचारतोयस म्हनून.”

पाचवं ‘का’ त्या दिवशी राहूनच गेलं.

* * *

मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. बायकोला नववा महिना लागला होता. दवाखाना चिंचवडला, घर चऱ्होलीच्या नव्या सोसायटीत. दिवा लागला की गाडी दम टाकायची, ॲक्सिलरेटर दाबला तरी रांगायची. “ऐन वेळी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये असं झालं तर मी काय करू?” असं म्हणताना त्याचा आवाज क्वालिटीवाल्यासारखा राहिला नव्हता.

आम्ही गाडी ठेवून घेतली. देहूपर्यंत पळवली, वायरी हलवून पाहिल्या, इंजिन तापवून पाहिलं. काही नाही. संदीप घेऊन गेला आणि चार दिवसांत दिवा लागला.

नाना म्हणाले, “हिला सासर-माहेर कळतंय राव. आपल्याकडं आली की खूश.”

* * *

शेवटी वॉल्व्हचा कनेक्टर पुन्हा उघडला. त्याचं सील जुनं, सैल झालेलं आणि आत पिनांवर हिरवट गंज. म्हणजे पाणी शिरतंय. संशय थेट सोसायटीत गाड्या धुणाऱ्या इसमावर गेला. संदीपनं त्याला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि इंजिनवर पाइप मारतोस का, म्हणून झापायला सुरुवात केली.

पलीकडचा शांतपणे म्हणाला, “साहेब, आपल्याकडं पाणी टँकरचं. एका बादलीत चार गाड्या पुसतो. इंजिनला कुठून पाजू?”

संदीपनं सॉरी म्हणून फोन ठेवला. मी पिना साफ केल्या आणि गाडी दिली, पण मनाला काही पटत नव्हतं.

* * *

पुढच्या शनिवारी दिवा पुन्हा लागला. यावेळी मागच्या सीटवर संदीपच्या आई होत्या, परभणीहून सुनेच्या बाळंतपणासाठी दीड महिन्यापासून येऊन राहिलेल्या. मी मीटर काढतोय तोवर त्या उतरल्या आणि नानांना म्हणाल्या, “भाऊ, तेवढं झाकण उघडा की. शनिवार हाय आज.”

नानांनी बॉनेट उघडलं. आईंनी आत हात घातला, पाइपाला बांधलेलं सुकलेलं लिंबू-मिरची सोडलं आणि पिशवीतून ताजं काढलं. जागा नेमकी त्या कनेक्टरच्या डोक्यावर. सुईनं ओवलेलं लिंबू, शेजारी तापलेलं इंजिन आणि खाली सैल सील. असली लिंबं रोजच दिसतात, म्हणून आम्ही ते दर वेळी बाजूला सारून काम केलं होतं, आणि रस थेंबाथेंबानं पिनांवर गळत होता.

संदीप ओरडणारच होता. “आई, आत कशाला?”

“भाईर बांधलं की तू काढून टाकतूस. गेटवर लोक हसायलेत म्हणतूस.” मग आवाज बारीक झाला. “तिचे दिवस भरत आलेत. या गाडीतूनच न्यायचंय लेकराला.”



नानांनी संदीपच्या खांद्यावर हात ठेवला. “घावलं बघ तुजं पाचवं.”

* * *

मी कनेक्टर नवा टाकला. लिंबू पुढच्या बंपरला, रस्त्यावर गळेल असं बांधायचं आणि संदीपनं त्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. दोन आठवड्यांनी, ऐन फर्स्ट शिफ्टच्या बसगाड्यांच्या गर्दीत, त्याच गाडीतून त्यानं बायकोला चिंचवडला नेलं. दिवा लागला नाही. मुलगी झाली.

बारसं उरकल्यावर संदीप एकटाच बर्फी घेऊन आला. नानांनी सवयीनं बॉनेट उघडलं आणि तसेच वाकून राहिले. मीही डोकावलो. बंपरवर लिंबू होतंच. पण आतही, कनेक्टरपासून लांब, पारदर्शक प्लास्टिकची एक डबी केबल टायनं घट्ट बसवलेली होती. झाकणाला सिलिकॉन लावलेलं. आत एक लिंबू आणि सात मिरच्या.

“आईनं बांधलं?” नानांनी विचारलं.

“आई परभणीला गेली परवाच. मी बसवलंय. बादलीत बुडवून टेस्ट केलंय, गळत नाही.”

“त्ये न्हाई इचारलं,” नाना म्हणाले. “का?”

संदीपनं बॉक्स पुढे केला.

“बर्फी घ्या, नाना.”