पिल्लं उडेपर्यंत

माझ्या वडिलांना, आप्पांना, जाऊन वर्ष झालं आणि मी आईला मांडवगणहून दौंडला घेऊन आले. टेम्पोत सामान म्हणजे एक ट्रंक, शिलाई मशीन, बुद्धांची तसबीर आणि बाजरीचं पोतं. दाराशी शेजारच्या बायका जमल्या होत्या, दोघी-तिघी पदरानं डोळे पुसत होत्या. आई मात्र कोरडीच. "चार दिस ऱ्हाते लेकीकडं, मग हायेच की मी," असं ती प्रत्येकीला सांगत होती. शिलाई मशीन घेऊन कुणी चार दिवसांसाठी जात नाही हे सगळ्यांना कळत होतं, पण तसं कुणी म्हटलं नाही. भीमेचा पूल ओलांडला तरी तिनं मशीनवरचा हात काढला नव्हता.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं पोटासाठी पुण्याला, भोसरीला, कुणी थेट दुबईला निघून गेलेल्यांनो, तुम्ही फोनवर आई कशी आहे असं विचारता आणि मी 'बरी आहे' म्हणून विषय बदलते. ड्युटीवरून आल्यावर लांबलचक बोलायचं त्राण नसतं. म्हणून एकदा सगळं लिहून कळवते आहे.

आई बरी नव्हती. मी रेल्वेच्या ऑफिसात दिवसभर, आणि ती तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी. टीव्ही तिला आवडत नाही. लिफ्टची तिला भीती वाटते. "हितं पायाखाली काय लागतच न्हाई," असं ती म्हणायची आणि फरशीवर पाय घासायची. दर आठवड्याला गावाला जायचा विषय निघायचा. घर पडून राहील, उंदीर होतील, कौलं सरकतील. मी आज-उद्या करत टाळायचे. खरं सांगायचं तर मला भीती होती की ती एकदा गेली की तिथंच राहील, आणि एक दिवस आप्पांच्या वेळेसारखाच शेजाऱ्यांचा फोन येईल.

तिला थोपवलं ते बगळ्यांनी. आमच्या बिल्डिंगच्या आवारात जुनी चिंच आहे, तिच्या फांद्या आमच्या गॅलरीपर्यंत येतात. जूनमध्ये गायबगळे आले आणि काटक्या गोळा करायला लागले. विणीच्या दिवसांत त्यांच्या डोक्यावर, पाठीवर पिवळसर रंग चढतो. "हळद लागली बघ यांना," आई म्हणाली. गावाहून आल्यापासून ती पहिल्यांदा हसली ते तेव्हा. मग तिचं सगळं वेळापत्रकच त्यांच्यावर बसलं. सकाळी ते नदीकडं, उसाच्या रानाकडं जायचे आणि संध्याकाळी परतायचे. मी घरात शिरले की ती बातम्या सांगायची. कुणाची अंडी फुटली, कुणाचं पिल्लू आगाऊ आहे, कोण कुणाच्या काटक्या चोरतं. गावाला जायचा विषय मागं पडला.

तुमच्यातल्या तरुण पोरांना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आता आपल्याकडं जिकडंतिकडं ऊस झाला, पण मी लहान असताना बाजरी होती आणि आई लोकांच्या रानात रोजानं काढणीला जायची. त्याआधी दाणा भरला की राखणीलाही तीच असायची. तिची गोफण सुटली की पाखरांचा थवाच्या थवा उठायचा. पण काढणीच्या वेळी एखाद्या बाईला बाजरीच्या ताटांमध्ये लाव्याचं नाहीतर वटवट्याचं घरटं सापडलं, आणि त्यात अंडी-पिल्लं असली, की ती भोवतीची चार ताटं शेंड्याला धरून गाठ मारायची. ती गाठ दिसली की सगळ्या बायका तेवढी जागा सोडून पुढं सरकायच्या. पिल्लं उडेपर्यंत तिथं कुणी विळा लावायचा नाही, गुरं सोडायची नाहीत. पिल्लं उडाली की जिनं गाठ मारली तिनंच ती सोडायची. मी एकदा विचारलं होतं, गोफणीनं हाकलतेस आणि मग राखतेस कशाला? "दाण्यावरनं भांडान हाय आपलं त्यांच्यासंगं," ती म्हणाली, "पिल्लावरनं न्हाई."

रान पाटलांचं, बाजरी पाटलांची. गाठ मात्र आमच्या वस्तीतल्या मजूर बाईची, आणि पाटील ती पाळायचे. ज्या गावात आईला बांधावर बसून वेगळ्या पेल्यातला चहा प्यावा लागला, तिथं तिचा शब्द मोडला जात नसे अशी ती एकच जागा होती. हे मला फार उशिरा कळलं.

जुलैमध्ये बिल्डिंगमध्ये कुरबुर सुरू झाली. चिंचेखाली पार्किंग आहे. गाड्या पांढऱ्याफटक व्हायच्या, खाली मासे-बेडूक पडायचे, वास तर विचारू नका. सेक्रेटरी जगताप काका, मनानं वाईट नाहीत, पण रोज सकाळी स्कूटर धुऊन वैतागले होते. मीटिंगमध्ये मी म्हटलं, पिल्लं लहान आहेत, थोडे दिवस थांबा. कुणी नाही म्हटलं नाही आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला, रविवारी फांद्या तोडणारे येणार. मी आईला सांगितलं. तिनं जुन्या लुगड्याचा काठ फाडला, जिना उतरून खाली गेली आणि खोडाला बांधून घट्ट गाठ मारली. वर येऊन म्हणाली, "आता न्हाई कुणी हात लावायचं."

तिला खरंच तसं वाटत होतं. दौंड तिच्या लेखी भीमेच्या पलीकडचं गाव होतं, एवढंच. इथल्या माणसांना ती गाठ कळणार नाही हे तिच्या मनातही आलं नाही.

आणि कुणाला ती कळलीही नाही. दुसऱ्या दिवशी गाठीवर हळदकुंकू होतं, तिसऱ्या दिवशी उदबत्ती. रविवारी फांद्या तोडणारे आले, खोडाकडं पाहून चपला काढल्या आणि म्हणाले, देवाचं झाड दिसतंय, आम्ही कोयता लावणार नाही. जगताप काकांनीही हात जोडले. मी गॅलरीत उभी राहून हसले, सुटले म्हणून. आई आत जाऊन बसली.

आम्ही बौद्ध. नवस, अंगारे-धुपारे आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच सुटले. ज्या बाईनं उभ्या जन्मात कुठल्या दगडाला शेंदूर लावला नाही, तिच्या हातून दौंडात देव बसला होता. "गाठ माजी ऱ्हायलीच न्हाई सुजा," ती म्हणाली. मी समजूत घातली, तू कुठं खोटं बोललीस, पिल्लं वाचली ना, उडेपर्यंत गप्प राहा. ती गप्प राहिली. पण खालच्या मजल्यावरच्या लताताई एकदा वर आल्या. त्यांच्या लेकीचं बाळंतपण अडचणीचं होतं. "मावशी, माझ्या पोरीसाठी पन एक गाठ बांधू का?" त्यांनी विचारलं. आईनं पिल्लांकडं पाहिलं, मान खाली घातली आणि तोंडातून 'बांधा' असा शब्द काढला. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी पुन्हा गावाला जायचं काढलं, आणि या वेळी ट्रंकही काढली. पिल्लं उडाली की मी निघणार, असं तिनं ठरवून टाकलं.

नवरात्र तोंडावर आलं तेव्हा शेवटचं घरटं रिकामं झालं. सुट्टीचा दिवस होता, सगळे खाली गाड्या धूत होते. आई उतरली. मी मागोमाग धावले. तिनं पदरानं कुंकू पुसलं, दातांनी ओढून गाठ सोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यात देव न्हवता. पिल्लं व्हती, म्हणून बांधली. आमच्यात तशी रीत हाय." मग लताताईंकडं वळली. "तुमाला त्या दिशी सांगाय पायजे व्हतं. माजं चुकलं बाई."

लताताईंनी हातातलं फडकं बादलीत टाकलं. त्यांची लेक तोवर सुखरूप सुटली होती. "मावशी, मी तरी कशासाठी बांधली व्हती?" त्या म्हणाल्या. "पिल्लासाठीच की." आणि आपली गाठ त्यांनी आपल्या हातानं सोडली.

जगताप काका घसा खाकरून म्हणाले, "मग आजी, आता फांद्या उतरवल्या तर चालतील?"

मला वाटलं आता आई भांडेल. ती म्हणाली, "चालंल की. आता रिकामं हाय." जिन्यात मी चिडलेच तिच्यावर. तिनं कठड्याला धरून दम घेतला. "पिल्लं उडाल्यावर मालकाला अडवलं, तर फुडच्या साली कोण पाळंल आपली गाठ?" काकांनी पार्किंगवरच्या तेवढ्या फांद्या उतरवल्या. बाकीच्या असू द्या म्हणाले.

ट्रंक दारातच होती. मी विचारलं, कधी निघायचं? आईनं ती उघडली आणि लुगडी परत कपाटात लावायला घेतली.

"मांडवगणचं घर रवीला दे ऱ्हायला," ती म्हणाली. रवी माझा चुलतभाऊ, त्याच्या बायकोला दिवस गेलेत आणि तो भाड्याच्या खोलीत राहतो हे तुम्हाला माहीत आहेच. मी म्हटलं, आई, तुझं घर आहे ते. तुला वाईट वाटेल.

"वाटंल की," ती म्हणाली. "तू नोकरीला गेलीस तवाच रिकामं झालं व्हतं ते. म्या आन् तुझ्या बापानं उगं राखलं."

मी तिच्या शेजारी बसले आणि लुगड्यांच्या घड्या घालू लागले.

तर हे कळवायचं होतं. आई आता परत राहायला यायची नाही. रवीचं बाळ घरात रांगायला लागलं की आम्ही दोघी येऊ. दारात उभ्या राहून आवाज देऊ, आणि रवीची बायको या म्हणाली की मग आत येऊ.