अकरा पेपर, एकच चूक

माझी सून शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि घरात कोणावर विश्वास ठेवत नाही. मी बंद केलेला गॅस ती पुन्हा बघून जाते, कुलूप तीनदा ओढते. मनाने वाईट नाही हो, नजरच तशी.

त्या दिवशी पेपर तपासत बसली होती. प्रश्न असा, की हातोडा मारला तर तांबं पसरतं, मिठाचा खडा मात्र फुटतो, ते का? मधेच तिची लाल पेन्सिल थांबली.

"आई, ऐका. 'हातोड्याने तांब्याचे अणू चपटे होतात.' अकरा जणांनी हेच लिहिलंय. अकरा!"

"मग? बरोबरच असेल की."

"साफ चूक! अणूंच्या रांगा एकमेकींवरून सरकतात. मोकळे इलेक्ट्रॉन मधे फिरत असतात, ते रांगांना सुटू देत नाहीत. बरोबर उत्तर पुस्तकामुळे जुळेल, चूक कशी जुळेल? कॉपी आहे ही."

संशय गेला त्या अकरांतल्या एकीवर, शिंप्याच्या मुलीवर. मधल्या बाकावर बसते, तिचा पेपर चहूकडून दिसतो. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी तक्रार लिहून वर्गासमोर वाचली आणि मुख्याध्यापकांकडे दिली. कॉपी ठरली असती तर पोरीचं वर्ष गेलं असतं.

संध्याकाळी शिंपी मुलीला घेऊन दारात उभा.

"मॅडम, आगाऊ आहे ही, पण लबाड नाही. काय विचारायचं ते माझ्यासमोर विचारा."

सुनेने तिला समोर बसवलं. "अणू चपटे होतात हे कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. मी बघितलं."

"अणू बघितलास? वा!"

"तुम्हीच दाखवलंत की, मॅडम. डब्यातून कणकेच्या गोळ्या आणल्या होत्या. ताटलीत रांगेने मांडल्या, वरून लाटणं दाबलं. सगळ्या चपट्या झाल्या. तुम्ही म्हणालात, बघा, धातू असा पसरतो."

कणीक मी मळून दिली होती, तीही जरा सैलच. मी पदराआड तोंड लपवलं.

सून अशी थोडीच ऐकणार! आत जाऊन तिने आणखी चार मुलांना फोन लावले. चौघांनीही कणीकच सांगितली. बाहेर आली ती चेहरा पाडून. शिंप्याला म्हणाली, "चूक माझी आहे. उद्या निस्तरते."

मुख्याध्यापक म्हणाले, तक्रार गुपचूप मागे घ्या. हिने ऐकलं नाही. वर्गासमोर वाचली होती, वर्गासमोरच फाडली. मग काचेच्या गोट्या मांडून पट्टीने रांग सरकवून दाखवली.

"मार्क दिलेस का पोरांना?" मी विचारलं.

"छे! उत्तर चुकलंय ना. पेपर पुन्हा घेणार."

"आणि त्या मुलीचं काय?"

"पहिल्या बाकावर बसवलंय. मी काही भलतंच दाखवायला लागले, की लगेच हात वर करायचा, असं बजावलंय तिला."