पश्चिमेकडे तोंड करून

समुद्रकाठच्या एका शहरात मी नऊ वर्षं बँकेत नोकरी केली. मासे आम्ही भंडाऱ्याकडचे लोक लहानपणापासूनच खातो, त्यामुळे तिथे जाऊन नवीन काही शिकलो असेन तर पाऊस मोजायला. गच्चीत एक सरळसोट बाटली, तिच्या तोंडात नरसाळं, बाजूला चिकटवलेली पट्टी आणि एक वही, एवढंच माझं वेधशाळेचं सामान. जून आला की बाटली भरायची, जुलैत दिवसातून दोनदा रिकामी करावी लागायची, ऑगस्टमध्ये अंगणात शेवाळ आणि सप्टेंबरात उघडीप. ऑक्टोबरात संध्याकाळी दोन-चारदा गडगडाट व्हायचा आणि कारभार संपायचा. पुढे मेपर्यंत मी रोज सकाळी कोरडी बाटली पाहून वहीत शून्य लिहायचो. शून्य लिहायलाही वेळेवर जायचो, यावरून माझ्या हुशारीचा अंदाज यावा.

बदली होऊन भंडाऱ्याला परतलो तेव्हा आमच्यातून तुटून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. सामानात वही वरच ठेवली होती. घरी येईल त्याला मी पाऊस समजावून सांगू लागलो. शेजारी चहा संपायच्या आत उठायला लागले, तेव्हा मला वाटलं, या गावाला शास्त्राची गोडीच नाही.

माझं मन लावून ऐकणारं एकच माणूस होतं, ती म्हणजे माझी थोरली बहीण, आमची बाई. भाऊजी गेल्यापासून लाखांदूरकडची दोन एकर धानाची शेती ती एकटीच पाहायची. त्या दोन एकरांतला तांदूळ वर्षभर खायचा आणि उरला तर विकायचा, असं तिचं चालायचं. दिवाळीच्या सुमारास मी एसटीने तिच्याकडे गेलो, वही अर्थातच पिशवीत होती. धान नुकताच कापला होता आणि कापलेल्या मुठी, म्हणजे कडपा, बांधीत, बांध घातलेल्या त्या शेतात, वाळत पसरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भारे बांधून त्यांचं उंच पुंजणं रचायचं, म्हणजे वरून पाणी आलं तरी आतला धान वाचतो, असं तिनं ठरवलं होतं. मजूरही सांगून ठेवले होते.

मी बांधावर उभा राहिलो, कमरेवर हात ठेवले आणि पश्चिमेकडे पाहिलं. आभाळ निळंशार होतं. नऊ वर्षं मी पाऊस त्याच बाजूने येताना पाहिला होता. मग वही उघडून बाईला ऑक्टोबरची पानं दाखवली. पाऊस गेला, आणखी तीन दिवस कडपा वाळू दे, दाणा चांगला होईल, असं मी तिला छातीठोकपणे सांगितलं. तिनं वही हातात घेतली, पानं उलटली आणि मजुरांना तीन दिवसांनी या म्हणून निरोप पाठवला.

पाऊस दुसऱ्या दिवशी दुपारी आला, पूर्वेकडून, गोंदियाच्या अंगाने, माझ्या पाठीमागून. आमच्याकडे दिवाळीतला पाऊस तिकडूनच येतो, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. मीही इथलाच, मलाही एके काळी ठाऊक होतं. जिल्हा तुटला म्हणून काही पावसानं वाट बदलली नव्हती, विसरलो होतो तो मीच. दोन दिवस तो थांबला नाही. बांधीत गुडघाभर पाणी चढलं, आम्ही दोघं कडपा उचलून बांधावर टाकत राहिलो, पण लोंब्यांना कोंब फुटलेच. भरडल्यावर तांदूळ काळपट निघाला आणि त्याला कुबट वास येत होता. व्यापाऱ्यानं मूठभर हातात घेतला आणि परत पोत्यात टाकला.

मला इतकी लाज वाटली, की त्यातला पोतंभर तांदूळ मी हट्टानं मागून घेतला. बाई नको म्हणत होती. घरी आणून मी तो रोज खाल्ला. बायकोनं आणि मुलांनी वेगळा भात लावून घेतला, मी मात्र नाक न मुरडता जेठ महिन्यापर्यंत पोतं संपवलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

पुढे बाई घरी आली तेव्हा मी तिला हे अभिमानानं सांगितलं. ती जेवता जेवता थांबली.

"तू खाल्ला? म्या तं कोंबड्यायले टाकला. रेशनचा आणून खाल्ला वर्षभर."

मी हसलो, पण ती हसली नाही. भात कालवत तिनं खाली पाहूनच सांगितलं, "त्या दिवशी सकाळीच मले गोंदियाकडे ढग दिसले होते. पण तू वही पाहून सांगून राहिला होता. मले वाटलं, वहीत लिहिलं हाय तं माये डोये चुकले असन."

वही अजून माझ्या कपाटात आहे. त्या पावसाचं पान कोरं आहे, कारण बाटली मी भंडाऱ्याला विसरलो होतो.