शंभराव्या दिवसाचं ताट

नवरा गेला आणि चौदावं उरकल्यावर जो पहिला मंगळवार आला, त्या मंगळवारी मी कामावर गेले. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ह्याचं फार कौतुक झालं. किती धीराची बाई, असं लिफ्टमध्ये माझ्यासमोरच बोलायचे. धीर वगैरे काही नव्हता. मला काही वाटतच नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि अर्धा चेहरा आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. असं अंग घेऊन घरात बसण्यापेक्षा अंधेरीला जाणं सोपं होतं.

काम म्हणजे आमचं नेटवर्क. शब्द मोठा आहे. अंधेरी, जुहू, सांताक्रूझ भागात नेल पार्लरमध्ये, स्पामध्ये, हॉटेलांच्या किचनमध्ये काम करणाऱ्या व्हिएतनामी मुली आहेत, काही लग्न करून इथे आलेल्या बायका आहेत. त्यांच्या मनाचं दुखणं ऐकायची ही सोय. नेटवर्क म्हणजे आम्ही दोघी प्रमुख, वेळेला फोन उचलणारे दोन डॉक्टर आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मी समुपदेशनात आयुष्य घालवलेली. दुसरी प्रमुख बोरिवलीची, मूळची व्हिएतनामची, नवरा मालवणचा. मराठी तिला सासूने शिकवलं, त्यामुळे ती बोलते ते मालवणीच, आणि तेही अशा ठसक्यात की रिक्षावाला निमूट मीटर टाकतो. माझ्याहून थोडी मोठी म्हणून मी तिला ताई म्हणते. भांडताना मात्र दोघी सारख्याच वयाच्या होतो.

दर मंगळवारी पार्लर उघडायच्या आधी आम्ही एका कोचिंग क्लासच्या खोलीत जमायचो. एका बाजूला बाकांवर मुली, समोर आम्ही दोघी. 'मानसिक आरोग्य' हा शब्द ताईने पहिल्याच दिवशी हद्दपार केला. आमच्याकडे असं कोणी बोलत नाही, म्हणाली. पाठ दुखते, डोकं जड होतं, भूक मेली, इतकंच सांगतात, आणि तेही हात कामात असले तरच. म्हणून आम्ही पुदिना, कोथिंबीर, कांद्याची पात घेऊन बसायचो. निवडता निवडता कोणीतरी बोलायला लागायचं. माझाही एक नियम होता. खोलीत जे बोललं जाईल ते ताईने मला पूर्ण सांगायचं, एक शब्द न गाळता. दुभाषी गोड करून सांगतात त्याचा मला भारी राग आहे.

त्यातली एक मुलगी वाकोल्याला तिघींत मिळून खोली घेऊन राहायची. नखं रंगवायचं काम. तिची आई गावी वारली होती आणि तिला जाता आलं नव्हतं. कित्येक आठवडे ती नुसती पानं खुडत बसायची. एका मंगळवारी ती बोलायला लागली, दोनचार वाक्यं झाली, आणि माझ्याकडे बघून थांबली. मग खाली मान घालून काहीतरी म्हणाली. ताई नवी जुडी सोडायला लागली.

"सांग ना," मी म्हटलं.

"नको गो."

"नियम आहे, ताई."

"ता म्हणता, ह्या बाईंकडे बघून माका सांगूचा वाटना नाय. ह्या ऐकतत, पण ह्या हय नाय आसत."

मी इथे नसतेच, ह्यावर मला राग यायला हवा होता. निदान ओशाळं तरी व्हायला हवं होतं. मी मान हलवली, बरं म्हटलं आणि कांद्याची पात चिरत राहिले. मुलगी माझ्या सुरीकडे बघत होती.

सगळ्या गेल्यावर ताईने जिन्यात अडवलं. "फुडच्या मंगळवारी तू बसा नको."

"मी प्रमुख आहे."

"मी पण आसय."

मी तिला भलंबुरं बोलले. नेटवर्कची कल्पना कोणाची, डॉक्टर कोणी मिळवले, सगळं काढलं. तिने ऐकून घेतलं. तिला काय माहीत, मंगळवार गेला असता तर आठवड्यात माझ्याकडे काहीच उरलं नसतं. सकाळी उठायचं कशाला, ह्याला माझ्याकडे एवढंच एक उत्तर होतं. हे मी तिला बोलले नाही. ती म्हणाली, आमच्याकडे माणूस गेल्यावर शंभराव्या दिवशी त्याला ताट वाढतात. रडणं थांबवायचा दिवस म्हणतात त्याला. तोवर पोटभर रडायचं, मग कामाला लागायचं. तुझा तो दिवस ह्या रविवारी आहे. मी येते, मग बघू. ती माझे दिवस मोजत होती. मी मोजले नव्हते.

रविवारी ती आली ती त्या मुलीला घेऊनच. वाकोल्याची घरमालकीण खोलीत उदबत्ती लावू देत नाही, तेव्हा हिच्या आईच्या नावाचा वाडगाही इथेच ठेवूया, म्हणाली. मी म्हटलं, ठेवा. कोण कोणाचं कशाला ठेवतंय, मला काही फरक पडत नव्हता. तुझ्या नवऱ्याला काय आवडायचं, असं ताईने विचारलं. तळलेले बोंबील, कोळंबीचं कालवण, सोलकढी. तिने माझा ओटा ताब्यात घेतला आणि तासाभरात घराला महिन्यांनी घराचा वास आला. टीव्हीच्या टेबलावर ह्याचा फोटो ठेवला, पुढे ताट. शेजारी त्या मुलीच्या आईसाठी भाताचा वाडगा आणि चॉपस्टिक्स. उदबत्ती लावली.

"आता जेवूक बोलव," ताई म्हणाली.

आधी मुलीने आईला बोलावलं. हळूच, लहान मुलीच्या आवाजात, आणि बोलावता बोलावता ती रडायला लागली. मला तिचा हेवा वाटला. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"काय म्हणू?"

"रोज म्हणायचंस ता."

रोज मी काय म्हणायचे? मॅच असली की हा खुर्चीतून हलायचा नाही. "अरे, ताट वाढलंय," मी म्हटलं. "गार होतंय सगळं. किती वेळा हाका मारायच्या?"

म्हटलं आणि मी खाली फरशीवर बसले. त्या दिवशी मी हेच म्हटलं होतं, स्वयंपाकघरातून, ह्याच आवाजात. मॅच चालू होती. तो ओ देईना, म्हणून मी आमटीचा डाव हातात घेऊन भांडायला बाहेर आले होते. खुर्चीत तो होता आणि नव्हता. पुढे अँब्युलन्स, डॉक्टर, माणसं, चौदावं. ते भांडण राहूनच गेलं.

तेव्हाही रडू आलं नाही. राग आला. तिथूनच मी फोटोला म्हटलं, एकदा, आयुष्यात एकदा तरी पहिल्या हाकेला आला असतास. मोठ्याने म्हटलं. शेजारी ऐकू गेलं असेल तर जाऊ दे. मुलीला मराठी कळत नव्हतं, पण ती माझ्या बाजूला येऊन टेकली.

उदबत्ती विझल्यावर ते अन्न आपणच खायचं असतं. त्या दोघी जेवल्या, मी दोन घास गिळले. ताई निघताना मी विचारलं, "मग मंगळवारी येऊ ना?"

"आज रडणा थांबवूचो दिस," ती चपला घालत म्हणाली. "तुझा तर सुरूच झाला नाय. ये, पण माझ्या बाजूक बसा नको. चेडवांच्या बाजूक बस."

मला ते लागलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी लागलं. नाही जायचं असं ठरवलं आणि मंगळवारी गेले.

समोर ताई एकटी होती. मी मुलींच्यात, शेवटच्या बाकावर. प्रमुखबाई इथे कशा, म्हणून सगळ्या चोरून बघत होत्या. वाकोल्याची ती मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि पुदिन्याची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. मग तिच्या मोडक्या हिंदीत तिने विचारलं, "दीदी, खाना खाया?"

हे मला रोज विचारलं जात होतं. माझी मुलगी पुण्याहून फोनवर विचारायची, समोरची शेजारीण दारात विचारायची, आणि मी सगळ्यांना हो म्हणत आले होते.

"नहीं," मी म्हटलं. "कल भी नहीं खाया."