आतोबांच्या रागाचे वाटेकरी

चांगलं होण्यासाठी इतका आरडाओरडा केलेला माणूस सोलापुरात दुसरा झाला नसेल. बाकीची माणसं सुधारतात ती गुपचूप, घरातल्या घरात, आणि बहुतेक वेळा सुधारतच नाहीत. आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, चर्चमध्ये भर उपासनेत सगळ्या मंडळीसमोर उभे राहून सुधारायला लागले. तेही ज्या आवाजात त्यांनी एसटी चालवताना जन्मभर समोरच्या बैलगाड्या बाजूला काढल्या, त्याच आवाजात.

आतोबांचा राग त्यांच्या आधी घरात शिरायचा. फाटकाची कडी कशी वाजली त्यावरून आत्या चहात साखर किती घालायची ते ठरवायची. शिव्या त्यांच्या अशा की मराठी, कानडी आणि डिझेल यांचं मिश्रण वाटावं. एकदा मंगळवेढ्याच्या रस्त्यावर एक प्रवासी म्हणाला, "ह्यापेक्षा बैलगाडी बरी." आतोबांनी भरलेली गाडी कडेला घेतली, उतरले आणि बाभळीखाली जाऊन बसले. "बैलगाडी येऊ द्या. हे पावणे तिच्यात बसले की मी गाडी हलवतो." बैलगाडी काही आली नाही. शेवटी तो प्रवासी स्वतःच्या पिशवीतल्या भाजक्या शेंगा घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसला. दोघांनी मुकाट्यानं शेंगा खाल्ल्या, टरफलं झटकली आणि गाडी निघाली. ही गोष्ट आमच्याकडे लग्नाकार्यात हमखास निघते आणि सगळे हसून हसून बेजार होतात.

आत्या मात्र त्या वेळी पाणी वाढायला उठून जाते. कारण तो राग बाभळीखाली बसून संपणारा नव्हता. कितीदा जेवणाचं ताट भिंतीवर गेलेलं तिनं पुसून काढलंय. आणि ज्या दिवशी आतोबांच्या आईची माती होती, त्या दिवशी तर साऱ्या गावानं तो राग पाहिला. आईला जेऊरला, गावाकडं, वडिलांच्या कबरीशेजारी ठेवावं असं धाकट्या भावाचं म्हणणं. हे म्हणाले, सोलापुरातच. बोलता बोलता भाऊ म्हणून गेला, "जिवंत असताना किती यळा आलास तिला बघायला?" आतोबांनी कबरीच्या काठावर उभं राहून त्याच्या कानशिलात दिली. इतक्या जोरात की तो उकरलेल्या मातीत पडला. उठला, कपडे न झटकता चालत फाटकाबाहेर गेला आणि पुन्हा सोलापूरला आला नाही.

त्यानंतर आतोबा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे मिळून खातात तो भाकरीचा तुकडा, घेईनासे झाले. आमच्या चर्चमध्ये भाकरीचं तबक बाकाबाकावरून हातोहात पुढे जातं. आतोबा ते अलगद धरायचे आणि खाली बघत शेजाऱ्याकडे सरकवायचे. सगळ्यांना दिसायचं. कुणी विचारायचं नाही, कारण विचारलं तर काय होईल तेही सगळ्यांना माहीत होतं.

मग तो रविवार आला. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, या शिकवणीवर पाळकसाहेबांचं प्रवचन झालं. त्यानंतर नेहमीच्या सूचना: महिला मंडळाची सभा, संडे स्कूलची सहल, आणि फाटकासमोर लावलेली मोटारसायकल कुणाची असेल त्यानं काढावी. "आणखी कुणाची काही सूचना?" असं पाळकसाहेबांनी सवयीनं विचारलं, आणि आतोबा उभे राहिले. आत्यानं माझा हात घट्ट धरला. मोटारसायकल त्यांचीच असणार आणि आता काही खरं नाही, असं तिला वाटलं.

"माझी एक सूचना हाय," आतोबा म्हणाले. "माझं पाप राग हाय. तुमा सगळ्यास्नी म्हाईत हाय, पर मी कधी माझ्या तोंडानं म्हणालो न्हाय, म्हणून आज म्हणतो. लई प्रार्थना केली. एकट्याच्यानं हुईना. आपण समदी एका घरातली हाय म्हणता नव्हं, मग हातभार लावा." आणि ते बसले.

आम्ही दर रविवारी एका सुरात आपण पापी असल्याचं कबूल करतो. पण ते सगळ्यांचं मिळून असतं, म्हणजे कुणाचंच नसतं. असं नाव घेऊन, हे माझं, म्हणून कुणी पुढे ठेवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. पाळकसाहेब पुढे काय म्हणायचं ते विसरले. मग पुढच्या बाकावरच्या सिस्टरबाई उठल्या. या मिशन दवाखान्यातल्या जुन्या परिचारिका. निम्मी मंडळी त्यांच्या हातांत जन्मलेली, त्यामुळे त्या कुणालाही अरेतुरे करायच्या. त्यांनी मागे वळून आतोबांकडे नीट पाहिलं, ताप बघावा तसं, आणि म्हणाल्या, "बरं. उद्यापासून बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या काठी टेकत आत्याच्या दारात हजर. राग चहाच्या आधी जास्त असतो असं त्यांचं निदान होतं, म्हणून रोजचा पहिला चहा त्या आतोबांबरोबर घेऊ लागल्या. शिव्यांची जबाबदारी पाळकसाहेबांनी घेतली. तोंडाला एवढं वळण पडलंय तर काहीतरी बाहेर पडणारच, तेव्हा शिवीच्या जागी बाबेलच्या राजाचं नाव घ्या, असं त्यांनी सुचवलं. आतोबांना ते पसंत पडलं. मग अक्कलकोटच्या रस्त्यावर कुणी आडवा आला की खिडकीतून गर्जना व्हायची, "ए नबुखद्नेस्सर!" ते पुरतं उच्चारेपर्यंत निम्मा राग ओसरायचा. एका कानडी आजोबांनी तर मागून विचारलं म्हणे, "कोण हो हा? कुठल्या गावचा?"

"बाबेलचा."

"कुटं आलं ते?"

"लई लांब. आपली गाडी जात न्हाय तितं."

पण मला सगळ्यात नवल वाटायचं ते फोनचं. राग अनावर झाला की मंडळीतल्या कुणालाही फोन करायचा, असं ठरलं होतं. फोनवर आतोबांना बोलता यायचं नाही. नुसता श्वास ऐकू यायचा, घाटात गरम झालेल्या इंजिनासारखा. आमच्या घरी असा फोन आला की आई काहीएक न विचारता बोलायला लागायची. "मेथी आणलीय. निवडत बसलेय. अर्धी माती आणि अर्धी मुळं, काय सांगू. त्या भाजीवाल्याला उद्या दाखवणारच आहे." बराच वेळ तिची मेथी चालायची. मग पलीकडून आवाज यायचा, "बरं. लसूण जास्त घाल." फोन बंद. मंडळीत प्रत्येकानं आपापली तऱ्हा शोधली होती. पेटी वाजवणारे गुरुजी फोनवरच एखादं गाणं वाजवायचे. पाळकसाहेब प्रार्थना करायचे, पण आतोबांनी एकदा सांगितलं, "तुमची लांबतीया. मेथीच बरी पडती."

हे सगळं लिहिताना सोपं वाटतंय, पण सोपं नव्हतं. नाताळात मंडपवाल्या चाचांनी खुर्च्या उशिरा आणल्या, तेव्हा आतोबांना फोनही आठवला नाही आणि बाबेलचा राजाही. त्यांनी एक खुर्ची उचलून जमिनीवर अशी आपटली की तिचे पाय गेले. लहान मुलं रडायला लागली. आतोबा तुटलेल्या खुर्चीकडे बघत राहिले आणि घरी जाऊन दार लावून बसले. आता मी चर्चला येत नाही, म्हणाले. मला वाटलं, संपलं.

संध्याकाळी त्यांच्या दारात एकेक जण जमू लागला. कुणी उपदेश केला नाही. कुणी भाकरी आणली, कुणी शेंगाचटणी, आणि सगळे अंगणात जेवायला बसले. आत्यानं दार वाजवून सांगितलं, "बाहेर या. तुमच्यासाठी थांबलेत सगळे." बऱ्याच वेळानं आतोबा बाहेर आले. सिस्टरबाई सरकल्या आणि शेजारची जागा थोपटून म्हणाल्या, "बस. तापसुद्धा एकदा उतरला की परत चढतो. म्हणून काय औषध बंद करतात?" सकाळी त्याच त्यांना घेऊन चाचांच्या दुकानात गेल्या. आतोबांनी हात जोडले. चाचा म्हणाले, "जाने देव, कुर्सी तो प्लास्टिक की है." आतोबा तिथेच भिंतीला टेकून रडले. इथे मोडली ती नुसती खुर्ची हे त्यांना उमगलं असेल, आणि जेऊरचा भाऊ काही खुर्ची नव्हता तेही आठवलं असेल. कारण घरी येऊन ते आत्याला म्हणाले, "जेऊरला जायाचं."

एकटाच जातो असं त्यांचं म्हणणं होतं. "एकटा गेलास तर तितंबी भांडशील," सिस्टरबाई म्हणाल्या. म्हणून आम्ही सगळे निघालो: आत्या, सिस्टरबाई, पाळकसाहेब आणि मी. रेल्वेत आतोबा खिडकीशी बसले होते. कुर्डुवाडी गेलं, केम गेलं, त्यांनी शेंगदाण्यालाही हात लावला नाही. एरवी गाडी जरा थांबली की ड्रायव्हरचा उद्धार करणारा माणूस, त्या दिवशी सिग्नलला गाडी खोळंबली तर त्यांना बरं वाटत होतं.

भाऊ गोठ्यापुढे कडबा तोडत होता. आम्हाला पाहून उठला नाही. "एवढी माणसं? पंचायत बसवायची हाय का?"

"न्हाय," आतोबा म्हणाले. "मी चिडलो तर मला धरायला आणल्यात."

आतोबा पुढे जाऊन मातीत गुडघ्यांवर बसले, आणि बोलू लागले. आईच्या मातीच्या दिवशी तू म्हणालास ते खरं होतं. मी तिला बघायला येत नव्हतो. खरं बोललास म्हणून मी तुला मारलं. हे सगळं त्या मोठ्या आवाजाच्या माणसानं इतक्या हळू सांगितलं की मला मागे नीट ऐकूही आलं नाही. बोलणं संपलं तरी भाऊ कडबा तोडतच होता. मग त्यानं कोयता खाली ठेवला.

"दादा, ह्या कानानं मला ऐकू येत न्हाय," तो म्हणाला. "तवापासनं. हिकडच्या अंगाला येऊन बोल."

आतोबांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला, आणि पुन्हा तसा कुणाचा पाहायला लागू नये असं मला वाटतं. ते उठू शकेनात. सिस्टरबाईंनी एका बाजूनं धरलं, पाळकसाहेबांनी दुसऱ्या. त्यांना भावाच्या दुसऱ्या अंगाला नेऊन बसवलं. आणि आतोबांनी ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, एकही शब्द न गाळता, आणि त्यात त्या कानाचीही भर घातली.

माफ केलं, असं काही भाऊ म्हणाला नाही. "जेवून जावा," एवढंच म्हणाला. निघताना मात्र तो स्टेशनपर्यंत आला आणि गाडी सुटेस्तोवर उभा राहिला. मग उन्हाळ्यात एका रविवारी, उपासना सुरू झाल्यावर, तो मागच्या दारानं आत आला आणि आतोबांशेजारी बसला. तबक आलं तेव्हा आतोबांनी आधी भावाकडे पाहिलं. भावानं तुकडा घेतला आणि तबक स्वतःच्या हातानं त्यांच्यापुढे धरलं. पेटी वाजवणाऱ्या गुरुजींचा सूर चुकला, पण त्या दिवशी कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

मी एकदा आतोबांना विचारलं, "आता राग गेला का हो?" ते म्हणाले, "कुटला जातोय पोरी. हाय की तितंच. पर आधी तो आनि मी, दोघंच हुतो घरात. आता लई माणसं झाल्यात." त्यानंतर मंडळीत आणखी एकदोघं सूचनांच्या वेळी उभे राहिले. त्यांची नावं मी लिहिणार नाही. ते बोलून बसले की आतोबा आपल्या बाकावरून उठून मुकाट्यानं त्यांच्याशेजारी जाऊन बसायचे, एवढं सांगते.

सिस्टरबाई आता नाहीत. नोकरीमुळे मी पुण्याला आले. इथलं चर्च मोठं आहे, आत एसीची गार हवा आहे, गाण्यांचे शब्द पडद्यावर येतात. उपासना संपली की लोक हसतमुखानं हात मिळवतात आणि विचारतात, "कशा आहात?" मी म्हणते, "बरी आहे." तेही बरे असतात. मग आम्ही सगळे आपापल्या गाड्यांकडे जातो.