मशीनचं कव्हर

जालन्यातलं आमचं घर भट्ट्यांच्या धुराच्या वाटेवर आहे. भंगार वितळवून सळया करणारे हे कारखाने. दिवसा चिमण्या इतक्या साळसूद, की साहेब लोकांनी समोर उभं राहून फोटो काढावेत. खरा धूर अंधार पडल्यावर. सकाळी गच्चीवर गेलं की तळवे काळे. याला शहराची प्रगती म्हणणारे सगळे शहाणे राहायला मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला.

बायकोला धाप लागायला लागली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जागा बदला, नाहीतर श्वासाचा पंप वाढतच जाणार. ती ऐकेना. मास्तरकीच्या पगारात उभं केलेलं घर, त्यातली फरशीसुद्धा तिनं निवडलेली.

"धूर त्यांचा, अन् घर म्या सोडू?" म्हणाली.

मग मी प्रदूषण मंडळाकडं अर्जांचा सपाटा लावला. उत्तरं यायची. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.' ती लिहिणाऱ्याच्या नाकात आयुष्यात कधी धूर गेला नसावा. शेवटी मला कंटाळून मंडळाच्या साहेबांनी हवा तपासायची मशीन आमच्याच गच्चीवर आणून बसवली. लोखंडी पेटी, आत पांढरा कागद. मशीन रात्रंदिवस हवा ओढणार, धूळ कागदावर बसणार, त्यात शिसं-जस्त किती ते प्रयोगशाळा सांगणार. प्रमाण जास्त निघालं तर भट्टीवाल्यांना धूर गाळायची यंत्रणा बसवावीच लागेल, असं साहेब म्हणाले. म्हणजे बायकोचं घर त्या कागदावर होतं.

कागद बदलायला रोज सकाळी एक माणूस यायचा. चहा प्यायचा, वहीत काहीतरी लिहायचा आणि जायचा. माझे गुडघे दुखतात, त्यामुळं गच्चीवर मी काही गेलो नाही. मी चौकात बसून भट्टीवाले आता कसे सापडतात याच्या बाता मारत होतो.

मशीन गेली आणि अहवाल आला. हवा समाधानकारक!

मी घर डोक्यावर घेतलं. विकले गेलेत सगळे, त्या चहा पिणाऱ्यासकट. बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर केली.

"त्याला कशाला बोलता? गरीब माणूस त्यो. मशीन किती साफ ठेवली म्हणून रोज नावाजायचा मला."

"साफ म्हणजे?"

"दिवस मावळला की जुनी साडी चौपदरी करून गुंडाळत होते. सकाळी त्यो यायच्या आत सोडायची. एवढी महागाची मशीन, सगळी धूळ जाईल न्हाई का तिच्यात?"

आमच्या घरात टीव्हीला कव्हर आहे, मिक्सरला कव्हर आहे, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो. मला कळायला हवं होतं. आणि त्या नावाजणाऱ्याला? रोज कोरा कागद काढताना त्याला एकदाही शंका आली नाही. काम हलकं झाल्याशी मतलब.

"ती साडी कुठंय?" मी ओरडलोच. निदान तीच साहेबांच्या टेबलावर आपटली असती.

"धुऊन टाकली. काळीकुट्ट झाल्ती," ती म्हणाली, आणि तेवढं बोलून तिला पंप घ्यावा लागला. तेव्हा तिच्याही ध्यानात आलं. ती रडली नाही. भाजी तशीच निवडत राहिली, देठंसुद्धा चांगल्या पानांत टाकत.

पुन्हा तपासणीसाठी अर्ज केला. 'आपल्या भागातील तपासणी पूर्ण झालेली आहे.' किती झटपट आलं हे उत्तर!

गेल्या आठवड्यात तिला मंठ्याला भावाकडं सोडून आलो. पंधरा दिवसांसाठी, असं दोघंही म्हणालो. परत येऊन बघतो तर जाताना तिनं घरातलं सगळं झाकून ठेवलेलं. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं.

काल तिचा फोन आला. "मिक्सर वापरला तर पुसून कव्हर घाला, अन् गच्चीचं दार संध्याकाळच्या आत लावून घेत जा, न्हाईतर धूळ सगळी खाली येती, अन् मी आले की मलाच झाडावं लागंल."

एवढं सगळं ती एका दमात बोलली. मध्ये पंपासाठीसुद्धा कुठं थांबली नाही. मी "हो" म्हणालो, आणि ती आता इथं येणार नाही हे मला कळलं.